उघडं पाकीट

दिवाळीच्या आधीचा आठवडा म्हणजे डोंबिवलीच्या त्या दोन खोल्यांत शुभेच्छापत्रांचा पसारा. वडील पत्ते घालायचे, ती पाकिटाची झडप आत खोचायची. चिकटवायची नाही. चिकटवलं की ते ‘बुक-पोस्ट’ राहायचं नाही, तिकीट वाढायचं. आत छापील मजकूर आणि खाली नाव, बस. एकदा मामेबहिणीच्या कार्डावर तिनं सहामाहीचे मार्क लिहिले, तर वडिलांनी ते खोडून ‘सर्वांस नमस्कार’ केलं. पोस्टमनला तुझं गणित कशाला कळायला हवं, म्हणाले. संक्रांतीची कार्डं त्याहून लहान. प्लॅस्टिकच्या इवल्या पुडीत काटेरी हलव्याचे चार दाणे असायचे आणि पोचेपर्यंत त्यांचा बहुधा भुगा झालेला असायचा.

मग मोबाइल आले, आणि तीही चारचौघांसारखी सकाळी उठून दुसऱ्यांची फुलं तिसऱ्यांना पाठवू लागली.

डिसेंबर २०२३. नोकरीनिमित्त ती बर्लिनच्या मोआबित भागात राहत होती. देश सोडून आलेले रशियन लोक तिथे संध्याकाळी जमून तुरुंगातल्या आपल्या माणसांना पत्रं लिहितात, असं ऑफिसातल्या एकीनं सांगितलं आणि ओढत घेऊन गेली. लांब टेबलावर नव्या वर्षाची कार्डं मांडलेली, पेनं, चहा, आणि नियमांचा एक कागद. मजकूर रशियनमध्येच हवा, नाहीतर सेन्सॉर पुढे जाऊ देत नाही. खटल्याबद्दल लिहायचं नाही, युद्धाबद्दल नाही, कोड्यात तर अजिबात नाही. पाकिटावर नावासोबत जन्मवर्ष घालायचं. उत्तरासाठी कोरा कागद आणि रशियन तिकीट लावलेलं पाकीट आत ठेवलं तर उत्तम.

तिनं नाव निवडलं इव्हान गेर्शकोविच, जन्म १९९१. ‘वॉल स्ट्रीट जर्नल’चा हा बातमीदार २९ मार्च २०२३ रोजी येकातेरिनबुर्गमध्ये बातमीच्या कामावर असताना पकडला गेला. आरोप हेरगिरीचा. असा आरोप ठेवून अमेरिकन पत्रकाराला रशियात अटक होण्याची १९८६ नंतरची ही पहिलीच वेळ. त्याचे आईवडील सोव्हिएत देश सोडून अमेरिकेत गेलेले, त्यामुळे घरात रशियन बोललं जायचं. मॉस्कोच्या लेफोर्तोवो तुरुंगातून त्यानं घरी धाडलेलं पहिलं पत्रही रशियनमध्येच होतं, आणि त्यात त्यानं आईची चेष्टा केली होती: तुझ्या हातच्या लापशीनं मला इथल्या जेवणाची आधीच सवय लावून ठेवली! ही चेष्टा वाचल्यावर तिला तो एकदम ओळखीचा वाटू लागला.

पण लिहायचं काय? तिला सुचलं ते एकच: तिळगूळ घ्या, गोड बोला. शेजारच्या रशियन बाईला तिनं अर्थ सांगितला, तशी ती बाई पेन खाली ठेवून हसत सुटली. हेरगिरीच्या आरोपीला तीळ, गूळ आणि ‘गोड बोला’? सेन्सॉर रात्रभर सांकेतिक अर्थ शोधत बसेल! पुढे बोलताना भलताच धागा निघाला. जुन्या पंचांगाप्रमाणे रशियन लोक तेरा आणि चौदा जानेवारीमधल्या रात्री ‘जुनं नवं वर्ष’ साजरं करतात. म्हणजे संक्रांत उंबरठ्यावर असतानाच. मग कार्डावर तेवढंच गेलं: तुमच्याकडे जुनं नवं वर्ष असतं तेव्हा आमच्याकडे तीळ आणि गुळाची मिठाई वाटतात. एकेक रशियन अक्षर बघून उतरवायला तिला अर्धा तास लागला. वडिलांनी पसंत केला असता असा मजकूर. कोणीही वाचावा.

कार्डाचं पुढे काय झालं कोण जाणे. उत्तर आलं नाही.

जुलै २०२४ मध्ये गेर्शकोविचला सोळा वर्षांची शिक्षा झाली आणि दोन आठवड्यांत, १ ऑगस्टला, अंकाराच्या विमानतळावर कैद्यांची अदलाबदल होऊन तो सुटला. त्या सौद्यात रशियाला हवा होता वादिम क्रासिकोव्ह. २०१९ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनच्या क्लाइनर टिअरगार्टन बागेत, भरदिवसा, एका चेचेन-जॉर्जियन माणसाला गोळ्या घालून मारणारा. जन्मठेप भोगत होता. ती बाग मोआबितमध्येच आहे. तिथून ती रोज स्टेशनला जाते. दार उघडलं ते या माणसाच्या बदल्यात, हे तिला नीट माहीत आहे. कार्डांनी कुलपं उघडतात असलं भाबडेपण तिनं कधी बाळगलं नाही. पण आतल्या माणसाच्या नावावर टपाल येतंय हे तुरुंगवाल्यांना दिसत राहावं, एवढं तरी कार्डानं होतंच, असं तिला वाटतं.

त्या अदलाबदलीत मारिया पोनोमारेंकोचं नाव नव्हतं. सायबेरियातल्या बार्नाउलची ही पत्रकार, दोन मुलींची आई. युक्रेनमधल्या मारियुपोलच्या नाट्यगृहावरच्या हल्ल्याबद्दल लिहिलं म्हणून २०२३ मध्ये तिला सहा वर्षांची शिक्षा झाली. २०२४ च्या डिसेंबरात मारियाच्या नावचं कार्ड लिहायला ती पुन्हा त्या टेबलाशी जाऊन बसली. यंदा तीळ-गुळाची ओळ न बघता लिहिता आली, फक्त एक अक्षर उलटं पडलं. कार्ड घालून झाल्यावर हात सवयीनं वळले आणि झडप आत खोचली गेली.

शेजारच्या बाईनं गोंदाची कांडी पुढे केली. पण ती म्हणाली, राहू दे, ते तसंही फोडणारच.