'मी' की 'मला'? : स्थिती आणि कृती दाखवणारी क्रियापदं

इयत्ता चौथी, इंग्रजीचा तास. विषय होता 'हॅव' आणि 'हॅज'. आमच्या वर्गात एक नियम आहे, इंग्रजीच्या तासाला प्रत्येकानं निदान एक तरी वाक्य इंग्रजीतून बोलायचं. एरवी तोंड न उघडणारी एक मुलगी त्या दिवशी उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग."

मी लगेच म्हटलं, "असं नाही बाळा, आय डोन्ट अंडरस्टँड म्हणायचं. म्हण बरं." तिनं म्हटलं. मागची दोन मुलं हसली. मी "व्हेरी गुड" म्हणाले, ती खाली बसली आणि मी पुढं शिकवायला लागले.

तिला नेमकं काय समजलं नव्हतं, हे विचारायचं राहूनच गेलं.

पुढच्या चाचणीत तिच्या 'हॅव-हॅज'च्या पाचही रिकाम्या जागा चुकल्या. पालकसभेला तिची आई आली होती. जाता जाता म्हणाली, "मॅडम, ती म्हणते, विचारायला गेलं की इंग्रजी चुकतं, म्हणून मी आता विचारतच नाही." त्या माउलीच्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणून ते जास्तच लागलं.

घरी येऊन मी त्या वाक्याचा विचार करत बसले. नियम मला पाठ होता. नो, लाइक, वॉन्ट, नीड, अंडरस्टँड, रिमेंबर, बिलाँग ही स्थिती दाखवणारी क्रियापदं, त्यांना सहसा 'आयएनजी' लावत नाहीत. रन, राइट, ईट ही कृती दाखवणारी, त्यांना लावतात. आमचं इंग्रजी पाचवीपासूनचं. राज्यात २००० साली पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं, तोवर आम्ही पुढं गेलो होतो. आम्ही यादी पाठ केली आणि मीही मुलांना यादीच देत आले. पण पोरं यादी विसरतात, तेव्हा कुठं जातात? आपल्या मराठीकडे. ती मुलगी मनात म्हणाली असणार, "मला समजत नाहीये." त्याचं शब्दाला शब्द लावून इंग्रजी केलं, तर "आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग" हेच होणार!

आणि आपलं मराठी वाक्य किती नेमकं आहे बघा. "मला गणित समजत नाही" म्हणजे नेहमीचंच. "मला समजत नाहीये" म्हणजे आत्ता, या घडीला. कदाचित तुम्ही परत सांगितलं तर समजेल. इंग्रजीत दोन्हींसाठी "आय डोन्ट अंडरस्टँड" चालतं. म्हणजे पोरीनं मराठीतला एक बारकावा इंग्रजीत न्यायचा प्रयत्न केला होता आणि मी त्यावर फुली मारली होती.

दुसऱ्या दिवशी ठरवलं, इंग्रजी बाजूला ठेवायचं आणि आधी मराठीतून सुरुवात करायची.

फळ्यावर दोन वाक्यं लिहिली. 'आई भाकरी थापते.' 'आई घरी आहे.' विचारलं, "क्रियापद कोणतं?" सगळ्यांनी बरोबर सांगितलं. मग एका मुलानं विचारलं, "मॅडम, क्रिया दाखवतो तो शब्द क्रियापद ना? मग 'आहे'मध्ये आई काय करते?" खरंच, काहीच करत नाही. ती आहे. आपल्या व्याख्येत 'क्रिया' हा शब्द असल्यामुळे मुलांना वाटतं, प्रत्येक क्रियापदात काहीतरी हालचाल पाहिजेच. म्हणून आता मी सांगते, क्रियापद कधी कृती सांगतं, तर कधी स्थिती सांगतं.

मग एक खेळ घेतला. मी हुकूम सोडायचा, मुलांनी करून दाखवायचं. "उडी मार!" मारली. "फळ्याकडे बघ!" बघितलं. "माहीत अस!" सगळा वर्ग हसायला लागला. "गूळ आवड!" आणखी हसले. जे सांगून करता येतं ती कृती, जे सांगून करता येत नाही ती बहुतेक वेळा स्थिती. व्याख्या न लिहिता मुलांना एवढं कळलं.

खरी गंमत पुढं झाली. दोन्ही प्रकारची वाक्यं फळ्यावर मांडल्यावर मलाच एक गोष्ट दिसली. कृतीच्या वाक्यात 'मी' येत होतं: मी पळतो, मी लिहितो, मी खेळतो. स्थितीच्या वाक्यात 'मला': मला माहीत आहे, मला आवडतं, मला आठवतं, मला पाहिजे. माझ्या मराठीनं ही वाटणी कधीच करून ठेवली होती आणि मी मात्र मुलांना यादी पाठ करायला लावत होते.

मग जोड्या लिहिल्या:

मी बघतोय – आय ॲम लुकिंग. मला दिसतं – आय सी.

मी ऐकतोय – आय ॲम लिसनिंग. मला ऐकू येतं – आय हिअर.

मी विचार करतोय – आय ॲम थिंकिंग. मला वाटतं – आय थिंक.

मी जेवतोय – आय ॲम हॅविंग लंच. मला एक भाऊ आहे – आय हॅव अ ब्रदर.

शेवटच्या दोन जोड्या नीट बघा. इंग्रजीत 'थिंक' एकच, 'हॅव' एकच, पण कधी कृती, कधी स्थिती. तिथं मुलं हमखास गोंधळतात आणि "आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स" लिहून येतात. मराठीत मात्र 'जेवणं' आणि 'असणं' वेगळे शब्द आहेत. मुलानं आधी मराठी वाक्य मनात म्हटलं आणि 'मी' आहे की 'मला' हे बघितलं, की निम्मं काम झालं.

ही कसोटी शंभर टक्के चालत नाही, हेही सांगायला हवं. 'मी त्याला ओळखतो' यात 'मी' आहे, तरी इंग्रजीत "आय नो हिम"च. 'मला ठेच लागली' यात 'मला' आहे, पण ती घडलेली घटना आहे, स्थिती नाही. शिवाय "मला दिसतंय, मला कळतंय" असं आपण सर्रास बोलतो, त्यामुळे 'तंय' ऐकून लगेच 'आयएनजी' लावायचं नाही. उलटंही होतं. 'त्यानं लाल शर्ट घातलाय' ही स्थिती, पण इंग्रजी म्हणतं "ही इज वेअरिंग". 'तो बाकावर बसलाय' यालाही "ही इज सिटिंग". असे नेहमी लागणारे अपवाद आम्ही वर्गाच्या भिंतीवर लावलेत.

एका मुलानं विचारलंच, "मग जाहिरातीत 'आय ॲम लव्हिंग' कसं म्हणतात?" मी म्हटलं, बोलताना, जाहिरातीत माणसं मुद्दाम नियम वाकवतात. पेपरात मात्र "आय लव्ह" लिहायचं.

पालकांना एवढंच सांगते, घरी मूल "आय ॲम नॉट नोइंग" म्हणालं तर हसू नका. त्याची मराठी पक्की आहे आणि तिच्याच आधारानं ते इंग्रजी बोलायला बघतंय. "मी की मला?" एवढं विचारा. बऱ्याचदा ते स्वतःच दुरुस्त करतं.

आणि ती मुलगी? मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि त्या दिवसाचं विचारलं. तिला 'माय ब्रदर'ला 'हॅज' का आणि 'माय ब्रदर्स'ला 'हॅव' का, हे समजलं नव्हतं. पाच मिनिटांचं काम होतं. त्यानंतर साधारण महिन्यानं तिनं परत हात वर केला. "मॅडम, आय ॲम नॉट..." म्हणाली, थांबली, माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "काय समजलं नाही, ते आधी सांग."

वाक्य आम्ही नंतर दुरुस्त केलं.