तोंड मिटून

आमच्या नगर जिल्ह्यातला – आता अहिल्यानगर म्हणायचे – पाथर्डीकडचा एक विद्यार्थी. आईबाप ऊसतोडीला गेले, की त्याचे वर्गात चित्त नसे. मी पडलो मास्तर, त्यातून कादंबरीकार! भरपूर उपदेश पाजला. तो नुसती मान डोलवी.

कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५१ सालच्या आपल्या ग्रंथात मांडले आहे, की दुःखिताला सल्ला देऊ नये. त्याला नावे न ठेवता आस्थेने ऐकून घ्यावे, त्याची वाट त्यालाच सापडते. मला हे पुरते पटले नव्हते. तरी एका संध्याकाळी पोराला शेजारी बसवले आणि तोंड मिटले. (मास्तरांनो, करून पाहा!)

फार वेळाने तो म्हणाला, "गुरुजी, कोपीत धाकटी एकलीच आसंल."

मी गप्प.

"आजीला सांगून तिला हितंच ठिवून घेतो."