घसारा

जुनी गाडी विकणारा माणूस गाडी विकत नसतो, कन्यादान करत असतो. "फार जपली हो हिला," म्हणताना त्याचा आवाज कातर होतो, त्याची बायको दारात उभी राहून मुद्दाम दुसरीकडे बघते आणि आपण खिशातल्या विसाराच्या नोटांवर हात ठेवून वरपित्यासारखे मख्ख उभे असतो. जाहिरातीही स्थळांसारख्याच असतात. 'एकहाती', 'गावातल्या गावात वापरलेली', 'डॉक्टरांची गाडी'. महाराष्ट्रात आजवर जेवढ्या जुन्या गाड्या डॉक्टरांच्या म्हणून विकल्या गेल्या, तेवढे डॉक्टर खरोखर असते तर एकही पेशंट शिल्लक राहिला नसता.

एके काळी जुन्या गाडीला आपल्याकडे मान होता. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली. त्याआधी नवी गाडी हवी असेल तर नाव नोंदवायचं आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. मुलाच्या बारशाला नोंदवलेली गाडी त्याच्या मुंजीला मिळाली तरी माणूस पेढे वाटायचा. आता नवी गाडी कर्जासकट तासाभरात मिळते (कर्ज आम्हीच देतो), त्यामुळे जुनी गाडी घेणाऱ्याकडे लोक बिजवराकडे बघावं तसं बघतात.

तरी मी जुनीच घेतली, आणि तीही अण्णांसाठी.

अण्णा म्हणजे माझे वडील. वय ७९. आमचं मूळ घर गुहागर तालुक्यात, आणि भाद्रपदात तिथे गणपती बसतो. नोकरीसाठी घाटावर आल्यापासून अण्णांनी तो एकदाही चुकवला नव्हता. कराडहून चिपळूणपर्यंत एक एस.टी., पुढे दुसरी. पण अण्णांचे गुडघे दरवर्षी थोडे थोडे संपत गेले आणि एस.टी.ची पहिली पायरी काही खाली आली नाही. २०२३ साली दोघांनी काखेत हात घालून त्यांना वर चढवलं. तेव्हा अण्णा काहीच बोलले नाहीत. घरी परतल्यावर मात्र चपला काढता काढता म्हणाले, "पुढच्या वर्षी गणपतीला माझा नमस्कार सांगा." त्याच आठवड्यात मी जुन्या गाड्या बघायला लागलो.

मिळाली ती गाडी कुठल्या कंपनीची, हे सांगण्यात अर्थ नाही. कंपनीचा काही दोष नव्हता. दोष होता तो आधीच्या मालकाच्या डाव्या पायाचा. काही माणसांना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवल्याशिवाय बोलता येत नाही. तसा याला क्लचवर पाय ठेवल्याशिवाय बसता येत नव्हतं. ट्रायलला मी त्याच्या शेजारी बसलो होतो. रस्ता सरळ, गिअर चौथा, आणि गृहस्थाचा पाय क्लचवर! पुढे चढावर वाहतूक अडली, तर त्याने ब्रेक न लावता क्लच अर्धा सोडून गाडी जागच्या जागी तोलून धरली आणि माझ्याकडे कौतुकाच्या अपेक्षेने पाहिलं.

याला हाफ क्लच म्हणतात. इंजिनाच्या टोकाला फ्लायव्हील नावाचं बिडाचं जड चाक असतं. त्याला टेकून क्लचप्लेट आणि तिच्यावर प्रेशर प्लेट. पेडलवर पाय नसतो तेव्हा प्रेशर प्लेट क्लचप्लेटला फ्लायव्हीलवर घट्ट दाबून धरते, तिघं एकजीव फिरतात आणि इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे जाते. पेडल दाबलं की तिघांची फारकत. गाडी जागेवरून उठताना या दोन टोकांच्या मधून जावंच लागतं, आणि त्या क्षणभरात प्लेट घासते. तिचा जन्मच त्यासाठी असतो. पण क्षणभराचं काम कुणी तासभर करून घेतलं तर ती तरी काय करणार? ना धड धरलेलं, ना धड सोडलेलं! आम्ही मध्यमवर्गीय आयुष्याची बरीचशी वर्षं हाफ क्लचवरच काढतो, त्यामुळे मला त्या गृहस्थाचा राग वगैरे आला नाही. मी फक्त किंमत कमी केली.

त्याने १,४५,००० सांगितले होते. क्लच संपत आलाय हे मी सप्रमाण पटवून दिलं आणि १,३७,००० ला सौदा झाला. कॉमर्सच्या माणसाने जे करायला हवं ते मी केलं. डायरीत लिहून ठेवलं: 'क्लचसाठी तरतूद, रु. ८०००'. घरी मात्र तरतूद हा शब्द कुणाला ऐकूच आला नाही. सर्वांना ऐकू आलं ते 'आठ हजार वाचले'! त्या वाचलेल्या आठ हजारांत सौ.नी सीटांना नवी कव्हरं घातली, चिरंजीवांनी गाणी वाजवायचं यंत्र बसवलं आणि अण्णांनी गावच्या देवळाला देणगी दिली. बँकेत एकाच ठेवीवर तिघांनी कर्ज काढलं असतं तर चौकशी बसली असती.

जूनमध्ये क्लचनेही आपली मागणी पुढे केली. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन मोठ्याने ओरडायचं आणि गाडी होती तेवढ्याच वेगाने चालत राहायची. आमच्या शाखेत असे दोन-तीन सहकारी आहेत. शिवाय गाडीत करपल्याचा वास यायला लागला. सौ. दोनदा गॅस बंद केलाय का ते बघायला घरी परतली.

गाडी मेस्त्रींकडे नेली. मेस्त्री साठीचे. जीपवर हात बसलेला. त्यांनी हँडब्रेक ओढला, चौथा गिअर टाकला, थोडा ॲक्सिलरेटर देऊन क्लच सोडला आणि इंजिन ऐकत बसले. इंजिन चालूच राहिलं. मी समाधानाने त्यांच्याकडे पाहिलं.

"बंद पडाया पायजे हुतं," मेस्त्री म्हणाले. "चांगला क्लच आसता तर मेलं आसतं आत्ता."

नोकरीत आजवर मी चालू राहण्यालाच गुण समजत आलो आहे.

गिअरबॉक्स उतरवताना बघायचं म्हणून मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. जीपचा गिअरबॉक्स मेस्त्री म्हणे खाली झोपून एकट्याने उतरवायचे. आता इंजिन आडवं आणि ओढणारी चाकं पुढची. म्हणजे आधी गिअर ऑइल सोडायचं, चाकांकडे जाणारे दोन्ही शाफ्ट काढायचे, इंजिनाला आधार द्यायचा आणि मग कुठे गिअरबॉक्स हलतो. सकाळी नऊला घेतलेलं काम साडेबाराला क्लचपर्यंत पोचलं. आत काळी भुकटी साठली होती. मदतीला असलेला पोरगा ओठांचा चंबू करून फुंकर मारणार तेवढ्यात मेस्त्रींनी त्याच्या पाठीत हलकी चापट मारली आणि ओलं फडकं पुढे केलं. पूर्वी या प्लेटांच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असायचं. ती धूळ छातीत गेली की आयुष्यभर मुक्काम करते. "आमी वीस वर्सं फुकरा मारल्या," मेस्त्री म्हणाले आणि खोकले. खोकला त्याचाच का, हे विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं, पण मी विचारलं नाही.

मग त्यांनी प्लेट माझ्या हातात दिली. अस्तर जवळजवळ नव्हतंच. पितळी रिव्हेट वर आले होते.

बी.कॉम.ला तीन वर्षं मी घसारा काढला. सरळ रेषा पद्धतीने काढला, ऱ्हासमान शिल्लक पद्धतीने काढला. आयकर खातं घरच्या किंवा धंद्याच्या मोटारीत फरक करतं, धंद्याच्या मोटारीवर दरसाल १५ टक्के धरतं, हे मी झोपेतही सांगेन. पण या शब्दात 'घासणं' आहे, तो हाताला काळा लागतो आणि त्याला करपल्याचा वास येतो, हे मला गॅरेजमध्ये उकिडवं बसल्यावर समजलं.

प्लेटची तरतूद तरी होती. फ्लायव्हीलचं नाव मात्र माझ्या डायरीत कुठेच नव्हतं. वर आलेल्या रिव्हेटांनी त्याच्या तोंडावर गोल चरे पाडले होते, मधे मधे निळे डाग होते आणि त्या डागांतून बारीक भेगा गेल्या होत्या. निळा डाग म्हणजे तिथे बीड तापून गेलेलं. लेथवर तोंड घासून सपाट करता येतं, म्हणून ते लेथवाल्याकडे पाठवलं. त्याने मापून परत धाडलं. एकदा आधीच घासून झालंय, भेगा खोल आहेत, आता आणखी कातलं तर फार पातळ होईल. कातलंच नाही म्हणून पैसेही घेतले नाहीत. जो माणूस काम न करता पैसे घेत नाही त्याच्याशी वाद घालायची माझी तयारी नव्हती.

या चाकाबद्दल मला तोवर काही आदर नव्हता. इंजिन आपल्याला सलग फिरतंसं वाटतं, पण ते फिरतं धक्क्याधक्क्याने. चार सिलिंडर पाळीपाळीने ढकलतात, आणि दोन ढकलण्यांच्या मधली पोकळी हे जड चाक आपल्या वजनावर निभावून नेतं. सगळ्यांचे धक्के पोटात घालायचे आणि बाहेर काही कळू द्यायचं नाही. शिवाय सकाळी स्टार्टर आपले दात रोवतो तेही त्याच्याच कडेला. प्रत्येक घरात असं एक माणूस असतं. त्याची नोंद कुठल्याच डायरीत नसते.

"नवं केवढ्याला?"

"पाच हजार च्यारशे."

"आणि हेच ठेवलं तर?"

मेस्त्रींनी हात पुसले. "सायेब, गावात फिरनार आसाल तर ह्याच्यावरच नवी प्लेट टाकून दीन. चालंल वर्सभर. पर चढाला उठताना गाडी थरथरनार. तुमी म्हातारबांना घिऊन घाटात जानार म्हनताय."

व्हाउचरवर दोन सह्या असल्याशिवाय मी पन्नास रुपये देत नाही. इथे ना कोटेशन, ना दुसरं कोटेशन. समोर एक निळे डाग पडलेलं चाक आणि त्यामागे एक खोकणारा माणूस. मी म्हटलं, "नवं टाका."

दुसऱ्या दिवशी काम झालं. जुन्या गिअरबॉक्सच्या शाफ्टचा एक तुकडा मेस्त्रींनी जपून ठेवला होता. तो मधे घालून त्यांनी प्लेट बरोबर मध्यावर आणली. मग बोल्ट. ओळीने एकामागून एक नाही. एक थोडा आवळला की लगेच त्याच्या समोरचा. लग्नाच्या पंगतीत दोन्हीकडच्या आत्यांना वाढावं तसं! एकीकडे जरा जास्त झालं की दुसरीकडचं तोंड वाकडं होतं. क्लचचंही तसंच होतं म्हणे.

बिल झालं १४,९००. प्लेटांचा सेट ४,२००, बेअरिंग ८५०, फ्लायव्हील ५,४००, मागचं ऑइल सील ३५०, गिअर ऑइल ६००, मजुरी ३,५००. मी दोनदा बेरीज केली. दोन्ही वेळा बरोबर आली आणि मला थोडं वाईट वाटलं.

खरं दुःख पुढेच होतं. घराला रंग दिला तर शेजारी विचारतात. सीटांना कव्हरं घातली तर नातेवाईक चिमटीत धरून बघतात. क्लच बदलला तर काय दाखवणार? गाडी पहिल्यासारखीच दिसते. पहिल्यासारखीच चालते, आणि तेवढंच तिने करायचं असतं. "एवढे घातले ते कुठं घातले?" सौ.ने गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालून विचारलं. म्हणून मी जुनं फ्लायव्हील घरी उचलून आणलं होतं. पंधरा हजारांचा काहीतरी डोळ्यांना दिसणारा पुरावा हवा ना! सध्या त्याच्यावर तुळशीची कुंडी आहे. भंगारवाल्याने ते एकदा पायाने ढकलून पाहिलं आणि "बीड हाय, तीस रुपये किलो" असा भाव सांगितला. ऱ्हासमान शिल्लक पद्धतीने तो फारसा चूक नव्हता.

२०२४ च्या गणपतीला अण्णा गाडीने गेले. दार उघडून आधी बसले, मग पाय आत घेतले, कुणी काखेत हात घातला नाही. कुंभार्ली घाटाची एक गंमत आहे. कराडहून जाताना तो उतरायचा असतो, आणि पुढे देव असतो. चढायचा असतो तो परत येताना, तेव्हा देवाचं विसर्जन झालेलं असतं.

गौरी-गणपती आटोपून आम्ही परत निघालो. पोफळी मागे पडली आणि पावसाने गाठलं. निम्म्या घाटात एक ट्रक वळणावरच अडला. गाड्यांची रांग लागली. मी हँडब्रेक ओढून थांबलो. अण्णा एस.टी.त असताना या घाटात कधी डोळे मिटत नसत. पुढच्या सीटची दांडी दोन्ही हातांनी धरून वरपर्यंत ताठ बसायचे. मी आरशातून बघायला गेलो, पण काच धुक्याने भरली होती. रांग हलली. मी क्लच सोडला. गाडी उठली. ना थरथर, ना वास, ना ओरडा. एक एक वळण घेत ती वर चढत गेली. पंधरा हजार रुपये माझ्या पायाखालून असे सुरेख फिरत होते आणि गाडीत एकाला त्याचं काही नव्हतं. सौ. पिशवीत आवळासुपारी शोधत होती. चिरंजीवांच्या कानात बोंडं होती.

हेळवाकला चहासाठी थांबलो. पाऊस मागे राहिला होता. मी मागचं दार उघडलं तेव्हा अण्णा नुकते जागे होत होते. शालीतून तोंड बाहेर काढून त्यांनी चष्मा चाचपला.

"आलो का चिपळूणला?" ते म्हणाले. "घाट लागला की मला उठव रे. तिथं मला झोपायचं नसतं."