खुर्दा

मुलांना लढायांच्या गोष्टी रंगवून सांगण्याचा मला जुना नाद आहे. शाळेत इतिहास म्हणजे सनावळी; आमच्या ओसरीवर मात्र घोडी फुरफुरतात, तोफा धडाडतात आणि ऐकणाऱ्यांच्या हातातली चकली हातातच राहते. याचा मला थोडा गर्वही होता, हे कबूल करतो.

गेल्या दिवाळीत पुतणीने अंगणात मातीचा किल्ला केला होता. अळीव तरारून आले होते. आळीतली पोरे चित्रे मांडीत होती. म्हटले, आज पानिपत सांगावे. पण पराभव रंगवायचा कसा? मी युक्ती काढली, कोडेच घातले. 14 जानेवारी 1761 ला लढाई झाली. मदतीला उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांच्या हाती, असे सांगतात, एका सावकाराचे पत्र पडले. दोन मोती गळाले, 27 मोहरा गेल्या आणि रुपये-खुर्द्याची तर मोजदादच नाही, असा त्याचा मजकूर. "ओळखा पाहू, हा हिशेब कसला?"

पुतणी मोठी हुशार! "मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ. मोहरा म्हणजे सरदार!"

मी खुशीत येऊन तिच्या हातावर बेसनाचा लाडू ठेवला. लाडू तसाच धरून तिने विचारले, "आणि खुर्दा म्हणजे हो, काका?"

"खुर्दा म्हणजे चिल्लर."

"ते कळलं. पण चिल्लर कोण?"

मी गप्प झालो. अब्दालीने रसद तोडली, छावणीत अन्नाचा दाणा उरला नाही, आणि त्या सकाळी हजारो माणसे उपाशीपोटी लढायला बाहेर पडली. इतकी वर्षे मी पानिपत सांगत आलो. पण त्यांच्यातला एकही माझ्या गोष्टीत कधी बोलला नव्हता. माझ्या घोड्यांच्या टापांखाली मीच त्यांना तुडवीत आलो होतो.

मग मी त्या उपाशी छावणीचीच गोष्ट सांगितली. तीत तोफ नव्हती, आरोळी नव्हती. रंगली की नाही, ठाऊक नाही. पण एकही पोर जागचे हलले नाही.

संध्याकाळी किल्ल्यावरची पहिली पणती महाराजांच्या सिंहासनापाशी ठेवायची, हा आमच्याकडचा रिवाज. पुतणीने ती पायथ्याच्या, हात मोडलेल्या पहारेकऱ्यापाशी ठेवली.

मी काही बोललो नाही. लाडू मात्र आणखी एक दिला.