हॅरिस पार्कला भाचीच्या घरी

सिडनीच्या सेंट्रल स्टेशनातून लोकल पश्चिमेकडे निघाली की पॅरामॅटाच्या अलीकडचे स्टेशन म्हणजे हॅरिस पार्क. बाहेर पडून विग्रॅम स्ट्रीटला वळले की फोडणीचा वास येतो. डोसा, चाट, मिठाई, सारे एका रस्त्यावर. लोक या भागाला 'लिटल इंडिया' म्हणतात. माझी भाची नागपूरच्या इंदोऱ्यातून इथे नांदायला आली. तिच्याकडे मी महिनाभर राहिले.

नांदायला आली म्हणणे सोपे. लग्नानंतर दहाव्या दिवशी जावई कामावर परतले. ते इथले कायमचे रहिवासी. हिला मात्र भारतात राहूनच अर्ज करावा लागला. एकाच अर्जात दोन व्हिसा: आधी 309 क्रमांकाचा तात्पुरता, मग 100 क्रमांकाचा कायमचा. फी एकदाच, पण 2025 साली ती नऊ हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर होती; आपले पाच लाख म्हणा. अर्ज फेटाळला तरी ती परत मिळत नाही.

"मावशी, लग्न खरं आहे हे कागदानं सांगावं लागलं," भाची म्हणाली. पैशाचा व्यवहार, घरसंसार, समाजातली ओळख आणि एकमेकांशी बांधिलकी, या चार गोष्टी अधिकारी पाहतात. आपल्याकडे चारशे माणसांसमोर मंगल परिणय होतो, पण त्यातले कोणाला तो अधिकारी ओळखतो? हिने महानगरपालिकेचे विवाह नोंदणी प्रमाणपत्र लगेच काढले होते, ते कामी आले. कित्येक घरांत अजून पत्रिका आणि फोटोंवरच भागवतात. मराठी कागदांचे इंग्रजी भाषांतर, पोलिसांचा दाखला, नेमलेल्या डॉक्टरांकडची तपासणी हे ओघाने आलेच. इकडे नागपुरात रात्रीचे नऊ वाजले की सिडनीत दीड. जावई झोप मोडून फोन करीत. त्या फोनच्या नोंदी आणि दरमहा पाठवलेल्या पैशांच्या पावत्या हाच पुढे पुरावा झाला.

तात्पुरत्या व्हिसावरही काम करता येते, मेडिकेअरमधून उपचार मिळतात, इंग्रजीचे सरकारी वर्ग फुकट असतात. भाची त्या वर्गाला जाते.

एक गोष्ट मुलींच्या आईबापांनी ध्यानात ठेवावी. नवऱ्याने पाठिंबा काढला की मुकाट परत यायचे, असे आपल्याकडे समजतात. ते सरसकट खरे नाही. ऑस्ट्रेलियात पोहोचलेल्या 309 व्हिसाच्या बाईचा संसार नवऱ्याच्या छळामुळे मोडला, तर ती कायमच्या व्हिसाचा हक्क मागू शकते. छळ म्हणजे नुसती मारहाण नव्हे. धमकावणे, पैसे अडवून धरणे हेही त्यात येते. इंग्रजी अडले तर 131 450 वर दुभाषी मिळतो. आमचे जावई भले आहेत. तरी पासपोर्ट स्वतःच्याच पेटीत ठेव, असे मी भाचीला त्यांच्यादेखत सांगितले. ते हसले आणि पेटीची किल्ली तिच्याकडेच असते म्हणाले.

अर्जाच्या तारखेपासून दोन वर्षे झाली की कायमच्या व्हिसाचा विचार होतो. हिची येत्या मार्चमध्ये होतील. फाईल स्वयंपाकघरातल्या खणात आहे, आणि विजेच्या बिलावर आता दोघांची नावे येतात.