राजाचं नवं शहर, उस्तादांचा जुना पाना

जेद्दाहून उत्तरेला निघालं की तांबडा समुद्र सतत डाव्या हाताला असतो, पण दिसतो क्वचितच. उजवीकडे करडे-तपकिरी डोंगर, मधे सपाट वाळू आणि पट्टी धरून ओढल्यासारखा सरळ रस्ता. थुवलचं २००९ साली सुरू झालेलं विद्यापीठ मागे पडतं, आणि जेद्दापासून शंभरेक किलोमीटरवर किंग अब्दुल्ला इकॉनॉमिक सिटीचा फाटा येतो. एवढं लांबलचक नाव रोज कोण घेणार? इंग्रजी आद्याक्षरं जोडून सगळे त्याला 'केक' म्हणतात. मुलांना हे नाव फार आवडतं. त्यांच्या भारतातल्या आजी-आजोबांना मात्र नातवंडं नेमकी कुठल्या गावी राहतात हे पटवून देताना आमची पुरेवाट होते.

या शहराची घोषणा डिसेंबर २००५ मध्ये राजे अब्दुल्ला यांच्या कारकिर्दीत झाली. क्षेत्रफळ सुमारे १७० चौरस किलोमीटर, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतची जुनी मुंबई अडीच वेळा मावेल एवढं. आराखडा वीस लाख वस्तीचा. प्रत्यक्षात माणसं त्या मानाने फारच थोडी आली. त्यामुळे रुंद रस्ते, रांगेत लावलेले माड, नीटनेटके चौक, आणि त्या चौकात सिग्नलला आपली एकटीच गाडी, असं दृश्य इथे नवं नाही. पुण्याच्या लक्ष्मी रोडवर वाढलेल्या माणसाला पहिले काही दिवस चुकल्याचुकल्यासारखं होतं. मग सवय होते.

पण शहर झोपलेलं आहे असं कुणी समजू नये. इथलं बंदर २०१३ साली कामाला लागलं, आणि जागतिक बँकेच्या २०२१ सालच्या कंटेनर बंदरांच्या कार्यक्षमतेच्या यादीत ते जगात पहिलं आलं. मक्का-मदिना हरमैन रेल्वे २०१८ साली सुरू झाली. ताशी तीनशे किलोमीटरने धावणारी ती गाडी इथल्या स्टेशनात थांबते. सप्टेंबर २०२३ मध्ये लुसिड या अमेरिकन कंपनीने इथे विजेच्या मोटारी जोडायचा कारखाना सुरू केला, देशातला मोटारींचा पहिलाच. असं सगळं नवंकोरं. आणि या नव्या नवलाईत आम्ही मोजक्या मराठी कुटुंबांनी जीव लावला तो एका जुन्या खटारा ट्रकला. त्याचीच ही हकीकत.

हा ट्रक म्हणजे टोयोटा लँड क्रूझर पिकअप. पुढे एकच केबिन, मागे उघडा हौदा, चारही चाकांना जोर. सौदी लोक त्याला 'शास' म्हणतात; 'चॅसी' या शब्दाचं अरबी जिभेवर झालेलं हे रूप. उंट, मेंढ्या, पाण्याच्या टाक्या, गवताचे भारे, सगळं यातून जातं. या देशात टोयोटाची एजन्सी १९५५ पासून आहे, त्यामुळे वाळवंटातल्या माणसाच्या चार पिढ्यांनी हीच गाडी पाहिली. आमची शास आमच्यापैकी एकाच्या कंपनीची. सुट्टीच्या दिवशी ती वापरायची मुभा होती. शुक्रवारी पहाटे हौद्यात तंबू, पातेली, पाण्याचे कॅन आणि सरपण भरायचं, बाकीच्यांनी आपापल्या गाड्यांतून मागे यायचं, आणि सगळ्यांनी मिळून समुद्राकाठी नाहीतर डोंगराकडे जायचं. वाळूत कुणाची गाडी रुतली की दोर लावून ओढायला शासच. आमच्या मुलांच्या लहानपणाच्या निम्म्याअधिक फोटोंत कुठे ना कुठे तिचं तोंड डोकावतंच.

एका हिवाळ्यात तिने दुखणं काढलं. ताशी नव्वदच्या पुढे गेलं आणि रस्त्यात छोटासा सांधा लागला की स्टिअरिंग हातात थरथरायचं. पुढच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूने काळपट, पातळ, वासाळ चिखल गळू लागला. एका मोठ्या गॅरेजने बाहेरचं सील तेवढं बदलून दिलं. महिन्याभरात पुन्हा तेच. कंपनीतल्या साहेबांचं म्हणणं असं, की गाडी जुनी झाली, विकून टाका. हिशेबाने ते बरोबरही होतं.

पण आम्हाला ते पटेना. तसं पाहिलं तर इथे आमचं आहे काय? घर भाड्याचं, इकामा मुदतीचा, नोकरी आहे तोवर मुक्काम. गाडी तर नावावरही नाही. 'आपलं थोडंच आहे?' हे वाक्य आखातात राहणाऱ्या माणसाच्या तोंडी फार लवकर बसतं. भिंतीला खिळा ठोकताना, कुंडीत रोप लावताना, शेजाऱ्याशी ओळख वाढवताना, दर वेळी ते पुढे येऊन उभं राहतं. आमच्यातल्या एकीने मात्र सरळ विचारलं, 'पुढच्या शुक्रवारी मुलं याच गाडीत बसणार ना? मग ती कुणाच्या नावावर आहे याच्याशी त्या चाकाला काय करायचंय?' या बाई सांगलीच्या वालचंद कॉलेजातून मेकॅनिकल झालेल्या. वाद तिथेच मिटला. साहेबांकडून परवानगी मिळवली, सुट्या भागांचे पैसे आम्ही वर्गणी काढून भरले, आणि गाडी उत्तरेला राबिघ गावातल्या वर्कशॉपच्या गल्लीत नेली.

तिथले उस्ताद मर्दानकडचे पठाण. दाढी पांढरी, बोटं काळी, बोलणं कमी. त्यांनी आधी गाडीखाली पाहिलंच नाही. पुढचं चाक जॅकवर उचललं, वर-खाली दोन हातांनी धरून हलवलं. चाक खडखडलं. मग आमच्यापैकी एकाला ब्रेक दाबून धरायला सांगितलं आणि पुन्हा हलवलं. खडखड तशीच. त्यांनी मान डोलावली. आमच्या बाईंनी लगेच आम्हाला अर्थ समजावला : ब्रेक दाबल्यावर खडखड थांबली असती तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. थांबली नाही, म्हणजे किंगपिनची बेअरिंगं गेली. हीच परीक्षा चाक डावी-उजवीकडे धरून केली की टाय रॉडच्या टोकांचा सैलपणा कळतो. एक जॅक आणि दोन माणसं, एवढ्यावर निम्मं निदान होतं.

आता हा रोग काय ते सांगायला हवं. या गाडीचा पुढचा अ‍ॅक्सल अखंड असतो, डाव्या चाकापासून उजव्या चाकापर्यंत एकच जाड नळी. तो दोन स्प्रिंगांवर गाडीचा भार पेलतो. चाकाला जोर तर पोचवायचा, आणि चाक वळलंही पाहिजे. म्हणून नळीच्या टोकाला नारळाएवढा पोकळ लोखंडी गोळा असतो. त्याच्या पोटात जोर वळवणारा सांधा ग्रीसमध्ये बुडालेला. गोळ्याभोवती चाक धरणारं घर असतं, आणि ते वर-खाली एकेका बेअरिंगवर फिरतं. आपल्या खांद्याच्या खुब्यासारखंच म्हणा ना. नळीतलं पातळ तेल गोळ्यात येऊ नये म्हणून आत एक सील, आणि बाहेरची वाळू आत जाऊ नये म्हणून गोळ्याभोवती नमदा आणि रबराचं दुसरं.

आतलं सील झिजलं की तेल ग्रीसमध्ये शिरतं. ग्रीसचं सार होतं आणि ते बाहेर पडतं. नमदा भिजून-सुकून कडक झाला की त्याच वाटेने वाळू आत. वाळू आणि तेल एकत्र आलं की पॉलिश पेपरच तयार झाला, आणि तो चालतो बेअरिंगवर. वर आमच्या किनाऱ्याला 'सबखा' आहे, म्हणजे वरून कोरडी आणि खालून खारट चिखलाची जमीन. ती लागली की गंज आलाच. आत कच्च्या वाटा पन्हळी पत्र्यासारख्या. त्यांवर तासभर गाडी चालली की शॉकॲब्सॉर्बर हात लावू नये इतके तापतात. बाहेरचं सील बदलून रोग का हटला नाही, ते आता कळलं. छप्पर गळत होतं आणि गॅरेजने फरशी पुसून दिली होती.

उस्तादांनी दोन्ही बाजू खोलल्या. एकच बाजू दुखत असली तरी दुसरीचं वय तेवढंच असतं. चाक काढलं, ब्रेकचा कॅलिपर त्याच्या नळीवर लोंबू न देता तारेने वर बांधला. हब उघडताना आतला मोठा नट लागतो, ५४ मिलिमीटरचा. बरेच ठिकाणी तो छिन्नी-हातोड्याने ठोकून फिरवतात. उस्तादांनी खणातून त्याच मापाचा सॉकेट काढला, आणि आमच्या बाईंच्या चेहऱ्यावर माणूस भरवशाचा असल्याचं समाधान उमटलं. नवीन गॅरेज पारखायचं असेल तर हा सॉकेट आहे का, एवढंच विचारावं.

मग अ‍ॅक्सल ओढून काढला. गोळ्यातून ओंजळभर काळा चिखल थाळीत पडला. किंगपिनच्या बेअरिंगवर नखाने जाणवतील असे खळगे. वरच्या-खालच्या झाकणांखाली कागदासारख्या पातळ धातूच्या चकत्या असतात, त्यांना शिम म्हणतात. कुठली चकती कुठून निघाली हे बाईंनी वहीत चित्र काढून टिपून ठेवलं. त्यांच्या जाडीवर सगळा खेळ. जास्त झाल्या तर चाक सैल, कमी झाल्या तर स्टिअरिंग जड.

त्यानंतर सुरू झाली धुलाई. दुपारभर नुसतं धुणं. गोळा आरशासारखा होईपर्यंत उस्तादांनी नवीन भागांच्या पिशवीला हात लावला नाही. मग आतलं नवं सील, नवी बेअरिंगं, नवा नमदा. स्टिअरिंगच्या दांड्याला तानकाटा अडकवून घर किती जोर लावल्यावर हलतं ते मोजलं. हो, शाळेतल्या प्रयोगशाळेत पाहिलेला तोच तानकाटा! सांध्यासाठी मोलिब्डेनमचं काळं ग्रीस, चाकाच्या बेअरिंगला साधं लिथियमचं. अ‍ॅक्सलमधली हवा बाहेर सोडणारी बारीक नळीही त्यांनी फुंकून पाहिली. ती वाळूने बुजलेली होती. गरम झालेली हवा कोंडली की तेलाला सीलमधून ढकलते. म्हणजे रोगाचं एक मूळ त्या काडीएवढ्या भोकात होतं. शेवटी शॉकॲब्सॉर्बर आणि आडव्या दांड्याचे रबरी बुश नवे घातले. स्प्रिंगा ठीक होत्या, त्या तशाच ठेवल्या.

चहाच्या वेळी उस्तादांनी विचारलं, हिंदुस्थानात अशी गाडी असते का? आम्ही म्हटलं, असते की, तीही हिची बहीणच. मुंबईत महिंद्रांनी १९४७ पासून विलिस जीप जोडायला घेतली. जपानात टोयोटाने १९५१ मध्ये जीपच्याच धर्तीची गाडी बनवली, तिने फुजी पर्वताच्या सहाव्या टप्प्यापर्यंत चढून दाखवलं, आणि १९५४ मध्ये तिचं नाव लँड क्रूझर झालं. विलिसच्या पुढच्या चाकामागेही असाच बंद गोळा होता. सातारा-कोल्हापूरकडे वडापच्या जीपा चालल्या, दाराला लोंबकळून बाजाराला जाणारी माणसं आम्ही पाहिली आहेत. त्यांतल्या बहुतेकींच्या पुढच्या चाकांना जोर नसायचा, पण ग्रीसचा तो वास आणि पाटे बदलताना गाडीखाली पालथा झालेला मिस्त्री, हे सगळं ओळखीचं. मर्दानचे उस्ताद आणि सांगलीच्या बाई एका जपानी गाडीखाली एकमेकांना पाने देत होते, त्यांना दुभाषा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी उतरली. पुढच्या चाकांची तोंडं मापाने जुळवली. परतीला स्टिअरिंगवर आमच्या बाईच बसल्या. या देशात जून २०१८ पासून बायकांना गाडी चालवता येते. त्याआधीची वर्षं इथे काढलेल्या आमच्या घरांना त्याचं मोल वेगळं सांगायला नको. वीस किलोमीटरवर त्यांनी गाडी बाजूला घेतली, उतरून दोन्ही हबना हात लावला. कोमट. म्हणजे बेअरिंग जास्त आवळलेलं नाही. मग शंभरवर नेलं. स्टिअरिंग देवापुढच्या समईच्या ज्योतीसारखं स्थिर.

मंडळी, तुमच्यापैकी कुणी अशी गाडी बाळगत असाल तर दोन गोष्टी सांगून ठेवतो. गोळ्यावर ग्रीसचा पातळ थर दिसला तर घाबरू नका, पण पातळ तेल ओघळताना दिसलं तर थांबू नका. आणि मोठ्या दुरुस्तीनंतर हजारेक किलोमीटरवर सगळे नट पुन्हा तपासून घ्या.

२०२० च्या जानेवारीत डाकार रॅली पहिल्यांदा सौदीत आली आणि जेद्दाहून सुटली. दिवसभर धावलेल्या गाड्या रात्री तळावर खोलून, तपासून पुन्हा जोडतात. पारितोषिक चालकाला मिळतं, पण दुसऱ्या सकाळी गाडी उभी राहते ती रात्रीच्या कंदिलवाल्यांमुळे. शहराचंही तसंच असावं. कागदावर वीस लाखांचं शहर आखता येतं. ते राहतं कुणामुळे? माडांना रोज पाणी घालणाऱ्या बंगाली माळ्यामुळे, बंदरात क्रेनला ग्रीस लावणाऱ्यामुळे, राबिघच्या गल्लीतल्या उस्तादांमुळे. यांतल्या कुणाच्याच नावावर इथे काही नाही.

आमचाही मुक्काम एक दिवस हलेल. शास कंपनीचीच राहील, आणखी कुणी तरी ती चालवेल. ज्याला चाकामागचा गोळा कोरडा आणि स्वच्छ दिसेल त्याला आमची नावं ठाऊक नसतील. नसू देत. त्याची मुलं सुखरूप घरी पोचली म्हणजे झालं. शिमचं चित्र असलेलं वहीतलं पान आम्ही प्लास्टिकच्या पाकिटात घालून गाडीच्या कप्प्यात ठेवलं आहे, अरबी आणि इंग्रजी दोन्हींत लिहून. खाली कोपऱ्यात चार ओळी मराठीतही आहेत. न जाणो, पुढचा माणूस आपल्याकडचा निघायचा!