वारं कुणीकडचं?

आयर्लंडची थंडी मुळातच ओली. ती दिसत नाही, मुरते. लोकरीच्या धाग्यांत, पुस्तकांच्या पानांत, उशीच्या अभ्र्यात ती घर करून राहते, विटांच्या भिंतींना शेवाळाची हिरवी कड लावते, आणि डिसेंबरात दुपारी चारच्या सुमारास दिवस मिटला की खिडकीच्या काचेवर आतल्या बाजूने ओघळू लागते. अटलांटिकवरून येणारा पश्चिमेचा वारा या बेटाला वर्षातले बहुतेक दिवस आपल्या कोमट पदराखाली घेऊन बसलेला असतो. कॅनडातलं एडमंटन साधारण डब्लिनच्याच अक्षांशावर आहे. तिथली नदी हिवाळ्यात गोठते. इथे जानेवारीतही गवत हिरवंगार असतं, आणि त्यावर पाऊस पडत राहतो, न थकता, न रागावता, कुणाला काही सांगायचं नसल्यासारखा.

मग एखाद्या हिवाळ्यात वारं फिरतं.

पश्चिम गप्प होते. रशियाकडची कोरडी, गार हवा सगळा युरोप ओलांडून इथवर पोहोचते आणि एका रात्रीत डब्लिन शहराला धार येते. पूलबेगची लाल-पांढऱ्या पट्ट्यांची दोन धुराडी, एरवी मळभात अर्धी पुसलेली, आकाशावर लख्ख उमटतात. ग्रँड कॅनॉलच्या पाण्यावर पातळ साय धरते आणि कालपर्यंत तरंगणारे कुरव पक्षी तिच्यावर गोंधळून उभे राहतात. सकाळी मैदानांवर दहिवर इतकं दाट असतं की गवताचं एकेक पातं वेगळं दिसतं, पावलाखाली वाजतं, आणि जिथे उन्हाची तिरीप पोहोचते तिथेच फक्त हिरवं होतं. झाडांच्या सावल्या मात्र दुपारपर्यंत पांढऱ्या राहतात. सावली काळी नसून पांढरी असू शकते, हे मी या देशात पाहिलं.

दक्षिणेला विकलोचे डोंगर. किप्युरचा ७५७ मीटरचा माथा शहरातून दिसतो, आणि एका सकाळी तो पांढरा झालेला असतो. तेवढं पुरतं. माणसं वर बघू लागतात. बसच्या थांब्यावर, शाळेच्या फाटकाशी, रुग्णालयाच्या दारात. दुकानातली बाई पावती हातात देताना हळूच म्हणते, "येईल म्हणतात." काय येईल, ते विचारावं लागत नाही.

दरवर्षी न येणारी, मागूनही न मिळणारी अशी ही गोष्ट. आली तर दोन दिवस राहील, कदाचित दोन तास. तिने कुणाचं पीक वाचणार नाही, विहीर भरणार नाही, देणं फिटणार नाही. तरी या थंडीत मी रोज रात्री झोपण्याआधी पडदा बाजूला करते आणि रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबाकडे बघते. ही इथल्या लोकांची जुनी रीत आहे. आकाश काळं असतं, त्याला विचारून उपयोग नसतो. पण दिव्याखालच्या उजेडाच्या शंकूत जे काही पडतं ते लपत नाही. मी बघते. धुक्याचे दोन-चार कण फिरतात, एखादं पान गळतं. बाकी काही नाही.

निव्वळ थंडी पुरेशी नसते, ही यातली सगळ्यात दुखरी गोष्ट. आकाश निरभ्र असलं की जमिनीतली ऊब रात्रभर वर निघून जाते, तारे जवळ येतात, पारा उतरत जातो, आणि तरीही काही पडत नाही, कारण पडण्याजोगं वर काहीच नसतं. २०१० च्या नाताळच्या दिवशी मेयोमधल्या स्ट्रेडला पारा उणे १७.५ अंशांवर गेला होता. त्याच्याही खाली, उणे १९.१, तो १८८१ च्या जानेवारीत स्लायगोच्या मार्क्री इथे उतरला होता. हे आकडे लोक हळू आवाजात सांगतात, घरातल्या पूर्वजांबद्दल बोलावं तसे. पण बर्फाला थंडीच्या जोडीला ओल लागते. आणि इथे ओल येते ती पश्चिमेकडून, स्वतःची ऊब बरोबर घेऊन. ज्या ढगाची वाट पाहावी तोच थंडी मोडत येतो. दोघांची गाठ पडायची ती एखाद्या अंशाच्या फटीत.

वाट एकच उरते, पूर्वेची. उगवतीकडून आलेली कडक थंड हवा आयरिश समुद्रावर येते, तेव्हा खालचं पाणी सात-आठ अंशांचं असतं. त्या हवेच्या मानाने ते गरमच. समुद्र वाफ देतो, हवा ती उचलते, ढगांच्या लांबच लांब रांगा तयार होतात आणि डब्लिनच्या किनाऱ्यावर एकामागून एक बर्फ सांडत येतात. मात्र वारा जरा ईशान्येला कलला, तर वाटेत आइल ऑफ मॅन उभं राहतं. मग त्या बेटाच्या आडोशाला पाण्याचा पट्टा तोकडा पडतो, ढगांची रांग विस्कटते, आणि थोडं उत्तरेला, थोडं दक्षिणेला पांढरं होत असताना मधला किनारा कोरडा राहतो. इथे त्याला त्या बेटाची सावली म्हणतात.

सावली मला ओळखीची आहे.

माझं गाव बीडकडचं, बालाघाटच्या रांगेतलं. सह्याद्री पलीकडे सगळा पाऊस रिचवून घेतो आणि आमच्याकडे नुसता वारा येतो, धुळीचा, रिकामा. मृग कोरडा जायचा. आर्द्रात दोन सरी यायच्या, त्यांवर विश्वास ठेवून पेरणी व्हायची, कोंभ वर यायचे आणि करपायचे, आणि अण्णा, माझे वडील, पुन्हा उधारीवर बियाणं आणायला निघायचे. दुबार पेरणीच्या त्या दिवसांत घरात कुणी मोठ्याने बोलत नसे. आई भाकऱ्या थापायची तोही आवाज जड वाटायचा. आमच्याकडचा भरवशाचा पाऊस पुष्कळदा भाद्रपदातला, बंगालच्या उपसागरावरून निघून सगळा देश ओलांडत येणारा. म्हणून संध्याकाळी ओट्यावर बसलेले अण्णा उगवतीकडे तोंड करून बसत. मावळतीचे रंग त्यांच्या पाठीवर पडायचे.

परवा फोनवर त्यांना सांगितलं, इथे कडाक्याची थंडी आहे, बर्फ पडेल म्हणतात. त्यांनी तब्येत विचारली नाही, कपडे पुरेसे आहेत का विचारलं नाही.

"वारं कुणीकडचं हाय?"

"उगवतीचं, अण्णा."

"मंग यील," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात तोच जुना भरवसा होता, ज्याला आयुष्यात कितीदा तरी दगा झाला आणि जो तरीही झिजला नाही.

बर्फ आलेला मी पाहिला आहे. २०१८ च्या फेब्रुवारीच्या अखेरीस पूर्वेचा वारा सुटला, आणि मग दक्षिणेकडून एमा नावाचं वादळ त्याला येऊन भिडलं. १ मार्चला दुपारी चारनंतर कुणी बाहेर पडू नये असं सरकारने सांगितलं. दुकानांतला पाव संपला होता, बसगाड्या थांबल्या होत्या, शाळा बंद होत्या. त्या संध्याकाळी मी दारात उभी होते, आणि आकाशाचा रंग एका अशा करड्या-पिवळ्या-गुलाबी छटेवर येऊन थांबला होता की तो कुठून येतो ते कळेना. आणि मग आवाज गेले. गाड्यांचे, विमानांचे, कुणाच्या तरी रेडिओचे, सगळे एकेक करून कुठे तरी बुडाले, आणि कण येत राहिले, तिरपे, घाईने, मग सरळ, मग सावकाश, कुंपणांवर, कचऱ्याच्या डब्यांवर, माझ्या बाहीवर, कुणालाही न निवडता, कुणालाही न वगळता.

मी हात पुढे केला.

इतकं जास्त मला कधीच मिळालं नव्हतं.

शेजारी एक आजी राहतात, पंचाऐंशीच्या घरातल्या. त्यांना बर्फ नको असतो. १९४७ च्या हिवाळ्यात त्या लहान होत्या. त्या वर्षी जानेवारीच्या मध्यापासून पूर्वेचा वारा आठवड्यांमागून आठवडे हलला नाही, आणि २४-२५ फेब्रुवारीला जे हिमवादळ आलं त्याने रस्ते, कुंपणं, शेतं सगळं सपाट केलं. युद्ध नुकतंच संपलेलं, इंग्लंडहून कोळसा येईना. दलदलीतून कापून वाळवलेली टर्फ नावाची माती, तीच चुलीत घालायची. आणि आदल्या उन्हाळ्याच्या पावसाने तीही ओली राहिलेली. आजी सांगतात, आई बाळाची ढकलगाडी घेऊन टर्फ आणायला जायची, बाळ घरी ठेवून, आणि आणलेली ढेकळं पेटायच्या आधी तासभर नुसती धुमसायची. सगळ्यांचे डोळे लाल. "आम्ही बर्फात खेळलो असू," त्या म्हणतात, "पण मला धूरच आठवतो."

हे ऐकल्यापासून माझ्या दिव्याकडे बघण्यात काही तरी बदललं. मला आणखी एक दृश्यही विसरता येत नाही: २०२४ च्या वसंतात ग्रँड कॅनॉलच्या काठी लागलेले तंबू, आसरा मागायला आलेल्या आणि निवारा न मिळालेल्या माणसांचे. या शहरात आजही कुणी दाराच्या उंबऱ्यावर पुठ्ठा अंथरून झोपतं. अशा रात्री आकाशाकडे बर्फ मागावा का? मी मागते. आणि मागताना तो कुणाच्या अंगावर पडेल हेही डोळ्यांसमोर येतं. दोन्ही एकाच छातीत राहतात, आणि एकाने दुसऱ्याला बाहेर काढलेलं नाही.

रविवारी बुल आयलंडवर गेले होते. तिथे हिवाळ्यात ब्रेंट हंस येतात, कॅनडाच्या आर्क्टिकमधून, थव्याथव्याने. ओहोटीच्या चिखलात चरतात, शहरातल्या शाळांच्या मैदानांवरही निर्धास्त उतरतात. काळी मान, फिकट पोट, आणि आपसात चाललेली घोगरी, अखंड कुजबुज. बर्फ मागे टाकून ते समुद्र ओलांडून या ओल्या गवतापाशी आले होते. मी त्यांच्यात उभी राहून ईशान्येकडे बघत होते.

काल रात्री ढग आले. पूर्वेचे नव्हेत, नैर्ऋत्येचे, ओलीने फुगलेले. थंडी अजून जमिनीलगत तग धरून होती आणि वर ऊब सरकत येत होती. रेडिओ म्हणत होता, डोंगरांवर बर्फ, किनाऱ्यावर पाऊस, दोहोंच्या मधे काहीही. अकराच्या सुमारास दिव्याखाली पहिली हालचाल दिसली. मी अंगावर कोट घेऊन बाहेर गेले. पाऊसच होता. पण थेंबांची चाल वेगळी होती. काही सरळ पडत होते, काही मधेच रेंगाळत होते, पडावं की तरंगावं हे न ठरल्यासारखे. एक बाहीवर पडला. त्याच्या पोटात क्षणभर पांढरं काही तरी होतं.

मग पाणी.

इथला हिवाळी पाऊस बहुतेक वेळा वर ढगात बर्फ म्हणूनच जन्मतो. खाली येताना कोमट हवेचा थर लागतो आणि कण वितळतात. पण वितळताना ते त्या हवेतली ऊब स्वतःत ओढून घेतात, आणि थर किंचित गार होतो. त्यांच्या मागून येणारे थोडे आणखी खाली पोहोचतात, तेही वितळतात, थर आणखी गार होतो. सर जोराची असली, पुरेशी लांबली, तर एक वेळ अशी येते की मागचे कण वाटेत काहीही न गमावता, सहाही हात शाबूत ठेवून जमिनीवर उतरतात. ज्यांनी वाट गार केली ते तोवर गटारातून वाहून गेलेले असतात. पाऊस म्हणून.

मी त्या पावसात उभी होते आणि मला आजी आठवली, माझी, बीडची. १९७२ च्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची. कामावर मिळणारी सुकडी ती स्वतः न खाता पदरात बांधून आणायची. अण्णा तेव्हा पोरगेलेसे होते. तेही तिच्या शेजारी बसून फोडायचे. पुढे ते उभं आयुष्य कोरड्या आभाळाखाली उभे राहिले, पेरलं, करपलं, पुन्हा पेरलं, आणि मला शिकवलं. त्यांच्यापैकी कुणी आभाळाकडे गंमत म्हणून पाहिलं नसेल. गरज नसताना काही मागावं, ते न मिळाल्याने कुणी उपाशी राहू नये, आणि तरीही जीव लावून त्याची वाट बघावी, एवढी गार हवा त्यांच्या वाट्याला आलीच नाही.

मी मागून आले.

सकाळी रस्ते ओले, काळे, कोमट. किप्युर ढगात. २०२५ च्या जानेवारीतही असंच झालं होतं. लिमरिक, टिपररी, किल्केनीची शेतं गाडली गेली आणि डब्लिनवर पाऊस पडला. रेडिओवर मात्र आजच पुढच्या आठवड्याचं बोलणं सुरू झालंय. स्कँडिनेव्हियावर पुन्हा हवेचा दाब वाढतोय, शनिवारनंतर वारा पूर्वेला वळेल. मी अण्णांना अजून फोन केलेला नाही.

दुपारी शेजारच्या आजींसाठी जळणाच्या ब्रिकेटचे दोन गठ्ठे आणून त्यांच्या शेकोटीशी रचून ठेवले. त्यांनी आधीच ऐकलं होतं. मीठ आहे का, दूध किती आणायचं, पायरीवर वाळू टाकशील ना, सगळं एकेक करून विचारलं. मी हो म्हटलं. दाराशी आले तेव्हा त्यांनी मागून हाक मारली.

"रात्री पडला तर दार वाजव. कितीही वाजले असले तरी."